सावरखिंडीतली ‘ऐकलं’ची रीत

या, इकडं ओट्यावर बसा. पायऱ्यांवर नको, तिथं शेवाळ आहे, मागच्या आठवड्यात एक धडधाकट गडी सपशेल आपटला. मी इथली गुरवीण. खिंडजाईची पूजाअर्चा आमच्या घराकडं, आणि आल्यागेल्याला गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं. गावात सगळे मला आत्या म्हणतात, तुम्हीही म्हणा.

तर तुमची तक्रार अशी, की वर येताना धुक्यात प्रत्येक घरातून कुणीतरी ‘कोण जातंय?’ म्हणून विचारत होतं आणि नाव सांगेपर्यंत सोडत नव्हतं. नाव सांगितलं की आतून ‘ऐकलं’ असा आवाज, आणि पुढच्या घरापाशी पुन्हा तेच. तुम्हाला वाटलं, काय भोचक गाव आहे! भोचक आहेच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. खालच्या चौकीत एक नवा शिपाई आला होता. तो म्हणाला, मी पोलीस, मी कशाला नाव सांगू? लोहाराच्या नातसुनेनं त्याला अंगणातच उभा करून ठेवला. नाव सांगितल्यावर चहा पाजला, तो भाग वेगळा. पण ही रीत उगाच पडलेली नाही.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. मला सासूनं सांगितली, तिला तिच्या सासूनं.

तेव्हाही धुकं हे असंच यायचं, म्हणे. श्रावण सरला की दुपारची जेवणं उरकता उरकता दरीतून वर चढायचं. आधी खालची खाचरं जायची, मग चिंच, मग विहीर, मग शेजारचं घर, आणि शेवटी आपला स्वतःचा हातसुद्धा मुद्दाम डोळ्यांपाशी आणून बघावा लागायचा. गाईच्या गळ्यातली घंटा अंगणात वाजतेय की ढगात, काही उमगायचं नाही. धुक्यात देवी हिंडते, मोठ्यानं बोलू नये, असं जुनी माणसं सांगायची. मग सगळं गाव हळू बोलायचं, हळू चालायचं, अर्धवट झोपेत असल्यासारखं. आणि खरं सांगू, गावाला ते फार आवडायचं.

पण त्या झोपेत एक वाईट खोड लागली. धुक्यात एखादं कोकरू गेलं, तांब्या गेला, परसातला भोपळा गेला, की लोक म्हणायचे, ‘धुक्यानं नेलं.’ झालं, विषय संपला. आता धुकं कधी भोपळा खातं का? पण तसं म्हणून टाकलं की कुणाचं नाव घ्यायला नको आणि कुणाशी वाकडं यायला नको.

त्यातून गावची साक्षीची रीत. तंटा झाला की पंच देवीपुढं बसायचे. साक्षीला येणाऱ्यानं देवीचं तीर्थ दोन्ही डोळ्यांना लावायचं आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. कानगोष्टींना आळा बसावा म्हणून कुणा शहाण्यानं घालून दिली असेल. पण जिथं वर्षातले चार महिने दुपारनंतर काही दिसतच नाही, तिथं ही रीत! धुक्यात घडलेल्या गोष्टीला साक्षीदारच मिळेना. आणि गंमत बघा, धुक्यात कोण चाललंय हे याच माणसांना घरात बसून चोख कळायचं. खोकला कुणाचा, काठी कुणाची, फरफटणारं पाऊल कुणाचं, सगळं. विचारलं की मात्र एकच उत्तर, दिसलं नाही बुवा. ते खोटंही नव्हतं.

अशा या गावात दरवर्षी गौरींच्या आधी भिवा कासार घाट चढून बांगड्या घेऊन यायचा. मऊ बोलणारा माणूस. बांगडी भरताना बायकांना सांगायचा, हात सैल सोड, काही होत नाही. त्या दिवशी तो ठकूच्या अंगणात बसला होता. ठकू म्हणजे लोहाराची बायको. तिचं घर देवळाच्या अगदी खाली, ते बघा, अजून तिथंच आहे. तिचे हात भरून झाले आणि धुकं आलं. काचेचा माल घेऊन अशात घाट कसा उतरायचा, म्हणून भिवा या देवळाच्या पायऱ्यांवर पेटारा टेकून बसून राहिला. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

संध्याकाळी धुकं विरलं. दिवा लावायला आमच्या घरातला तेव्हाचा गुरव आत गेला, तर देवीचा चांदीचा मुखवटा जागेवर नाही. गाव गोळा झालं. पाटील होते हैबतराव. त्यांनी विचारलं, इथं कुणी कुणाला पाहिलं? पाहिलेला माणूस एकच होता, पायऱ्यांवर झोपलेला भिवा. पेटारा उपसला, बांगड्यांशिवाय काही निघालं नाही. तरी सगळ्यांनी डोळ्यांना तीर्थ लावून सांगितलं, आम्ही यालाच पाहिलं. परका माणूस, त्यातून एकटा. पाटलांनी निवाडा दिला, उद्या दुपारपर्यंत मुखवटा आणून दे. नाहीतर ज्या हातानं देवीला हात लावला त्याचं मनगट या ओट्यासमोरच्या दगडावर ठेचायचं, लोहाराच्या घणानं. कासाराचा उजवा हात गेला तर त्याच्याजवळ उरतं काय? भिवा गयावया करत राहिला, पण ऐकतो कोण.

आता मेख कुठं आहे ते सांगते. पाटलांचा भाचा राणोजी तेव्हा त्यांच्याकडंच राहायचा. मामानं कौतुकानं त्याला नव्या वहाणा करून दिल्या होत्या, चांगल्या करकरणाऱ्या. गावात तशा दुसऱ्या कुणाच्या पायात नव्हत्या. त्या दुपारी धुक्यात त्या वहाणा करकरत गल्लीतून वर देवळाकडं गेल्या, थोडा वेळ थांबल्या आणि करकरत परत खाली आल्या. गल्लीतल्या एकूण एक घरानं ते ऐकलं होतं. पण कुणी बघितलं होतं का? नाही. पाटलाच्या भाच्याचं नाव कोण घेणार, तेही न बघता?

ठकूनं रात्रभर नवऱ्याचं डोकं खाल्लं. तो म्हणाला, मीही ऐकलंय, पण आपण गप्प बसायचं. ती म्हणाली, घण तर आपलाच जाणार ना? सकाळी उठून घण मात्र त्यानं बाहेर काढून ठेवला.

दुपारी सगळं गाव या दगडाभोवती जमलं. भिवाचा हात दगडावर धरला होता. दुसऱ्यांना हात सैल सोडायला सांगणारा माणूस, पण त्या दिवशी त्याची मूठ काही केल्या सुटेना. तेव्हा ठकू पुढं झाली. पाटील म्हणाले, डोळ्यांना तीर्थ लाव आणि पाहिलंस ते सांग.

ठकू म्हणाली, “पाटील, मला काही दिसलं नाही. मी ऐकलं.”

आणि तिनं तीर्थ घेऊन दोन्ही कानांना लावलं. असं कधी कुणी केलं नव्हतं. नव्या वहाणा माझ्या दारावरून वर गेल्या आणि खाली आल्या, असं तिनं स्वच्छ सांगितलं. पाटलांचा चेहरा उतरला. पण रीत ती रीत, ऐकलेली साक्ष इथं चालत नाही, म्हणाले. लोक खाली बघायला लागले. पाटलांनी लोहाराला खूण केली.

तेवढ्यात धुकं आलं, असं सांगतात. रोज दरीतून सरपटत यायचं ते त्या दिवशी एकदम वरूनच उतरलं. दगड दिसेना, भिवा दिसेना, पाटील दिसेनात. शेजाऱ्याला शेजारी दिसेना. सगळं पांढरं आणि गप्प. मग त्या पांढऱ्यातून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “मीपण ऐकलं.”

कोण बोललं, म्हणून पाटलांनी विचारलं. तेव्हा ठकूचाच आवाज आला. “नाव सांगा रे बाबांनो. नाव नसलं तर हेही धुक्यानंच बोलल्यासारखं होईल.”

पानांवरून थेंब पडत होते तेवढेच. मग घण जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला आणि लोहार बोलला, भैरू लोहार, मी ऐकलं, माझ्या दारावरून गेल्या. त्याच्या पलीकडून कुणी म्हणालं, म्हादू साळी, मी ऐकलं, विहिरीपाशी. मग चिंचेजवळची म्हातारी, मग तिच्या खालचं घर, मग त्याच्या खालचं. माणसं दिसत नव्हती, नुसती नावं येत होती, गल्लीतून चालत खाली गेल्यासारखी एकामागून एक. ऐकणाऱ्याला वाटावं, आपण त्या वहाणांच्या मागं मागं उतरतोय. शेवटचं नाव पाटलाच्या शेजारच्या घराचं होतं. त्यापुढं पाटलांचं दार. तिथं नावं थांबली.

मग न्यायाला बसायच्या जागेवरून आवाज आला. “हैबतराव पाटील. मीही ऐकलं.”

अंगावर काटा येतो हो मला, दर वेळी येतो.

मग करकर ऐकू आली. गर्दीतून बाहेर गेली, थांबली, आणि बऱ्याच वेळानं परत फिरून दगडापाशी आली. धुकं पातळ झालं तेव्हा भिवाच्या हाताशेजारी देवीचा मुखवटा ठेवलेला होता. काही जण म्हणतात, देवी स्वतःच चालत आली. म्हणोत बापडे. देवीला वहाणा कशाला लागतात? राणोजीला गावानं मारलं नाही की हाकललं नाही. धुक्याच्या दिवसांत खिंडीत अनवाणी उभं राहायचं आणि वाटसरूंना सांभाळून पलीकडं पोचवायचं, जन्मभर, अशी शिक्षा दिली. ती त्यानं पाळली, म्हणे.

आता सगळं गोड झालं असं वाटेल. बायका भिवासाठी पाणी घेऊन आल्या, गूळ आणला. त्यानं दगडावरचा हात उचलला, पोटाशी धरला आणि सगळ्यांकडं बघितलं. म्हणाला, “म्हणजे कालपासून तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.”

एवढंच. पाण्याला शिवला नाही. पेटारा उचलला आणि उरल्यासुरल्या धुक्यात गल्ली उतरू लागला. बांगड्या किणकिणत होत्या. तो ठकूच्या अंगणावरून जाताना ती दारात उभी होती. कोण चाललंय हे तिला ठाऊक नव्हतं का? पण तिनं विचारलं, “कोण जातंय?”

किणकिण थांबली. तो निघून जाईल असंच सगळ्यांना वाटलं. मग तो म्हणाला, “भिवा कासार.”

“ऐकलं,” ठकू म्हणाली.

पुढच्या घरानं विचारलं, त्यापुढच्यानं विचारलं. त्यानं प्रत्येक दाराशी नाव सांगितलं आणि प्रत्येक दारानं ऐकलं म्हटलं. शेवटचं घर मागं पडल्यावर नुसत्या बांगड्या वाजत राहिल्या, घाट उतरेपर्यंत. तो पुन्हा कधी आला नाही. आला होता असं सांगणारेही आहेत, पण त्यांना तेवढं बरं वाटतं म्हणून सांगतात.

आजही इथं कुणाची तक्रार चौकीत गेली, तर निघण्याआधी साक्षीदार देवळात येतो आणि तीर्थ डोळ्यांना लावतो, कानांनाही लावतो. साहेब लोक हसतात. हसू देत, पण सावरखिंडीचा माणूस साक्षीला आला नाही असं त्यांना कधी लिहावं लागलेलं नाही. आणि आजही धुकं आलं की प्रत्येक घर विचारतं. कुणी चोर असेल म्हणून तर विचारतोच, पण कुणी एकटा असेल म्हणूनही विचारतो.

उठा आता, धुकं पुन्हा चढतंय, ती बघा चिंच गेली. सावकाश उतरा आणि प्रत्येक दाराशी नाव सांगत जा, पुटपुटू नका. एखाद्या घरातून ‘ऐकलं’ आलं नाही, तर पुढं जाऊ नका. तिथंच उभं राहून पुन्हा सांगा. ते म्हणेपर्यंत सांगत राहा.