आधी जमीन दाखवा

परदेशात कथालेखन शिकून मी परतले आणि धरणात बुडालेल्या आमच्या आंबेघोळ गावावर कादंबरी लिहिली. तिला पुरस्कार जाहीर झाला. समारंभात मंत्रिमहोदय माईकवरून म्हणाले, “बाई, लेखकानं गोड लिहावं. ते बुडालेलं गाव पुढच्या आवृत्तीतून काढा, मगच पुरस्कार घ्या.”

मी म्हणाले, “काढते की, साहेब. धरणासाठी गाव एकदा उठलंच आहे, आता कादंबरीतूनही उठेल. फक्त या वेळी जमीन आधी दाखवा.”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. साहेबांनी हातातलं स्मृतिचिन्ह परत टेबलावर ठेवलं. पुरस्कार गेला, पण मी हवेत होते.

दाराशी माझे चुलते गणूआप्पा भेटले. ते अजून पुनर्वसनाच्या पत्राशेडमध्येच राहतात. माझा हात धरून त्यांनी विचारलं, “पोरी, बरं झालं विचारलंस. मग, कुठली जमीन देतो म्हणाले?”