गळ्याएवढं पाणी

नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची गोष्ट. मेंढ्यांच्या एका कळपाचा म्होरक्या होता गळ्यात घंटा मिरवणारा एडका. आपण कुणाचीच बाजू घेत नाही, याचा त्याला भारी अभिमान.

एकदा अलीकडचं गवत संपलं आणि नदी ओलांडायची वेळ आली. डोहातला खेकडा म्हणाला, "एडकेमामा, इथं दोन पुरुष पाणी आहे. वरच्या अंगाला कातळ आहे, तिथून जा."

"छे! गुडघाभर असेल," पाय कधी न भिजवलेला मोर फांदीवरून म्हणाला.

एडका पेचात पडला. खेकड्याचं ऐकावं तर मोर रुसणार, आणि मोर तर रोज त्याच्या शिंगांचं कौतुक करायचा! शेवटी तो म्हणाला, "दोघांचाही मान राखू. पाणी गळ्याएवढं धरून चालू."

रिवाजाप्रमाणे म्होरक्या आधी उतरला आणि दुसऱ्याच पावलाला घंटेसकट दिसेनासा झाला. नाकातोंडात पाणी जाऊन, धडपडत कसाबसा परत काठाला लागला.

"मामा, किती पाणी आहे हो?" कातळाकडे सरकत मेंढ्यांनी विचारलं.

एडक्यानं खोकत खोकत एकदा खेकड्याकडे पाहिलं, एकदा मोराकडे.

"तसं बघितलं तर," तो म्हणाला, "यावर दोन मतं आहेत."