महाराजांची एकादशी

"आज एकादशी, आणि महाराज भात जेवताहेत?"

त्र्यंबकशास्त्री दारातच थबकले. महाराजांचे जुने शिष्य ते. एकादशीला पाण्याचा थेंबही घेत नाहीत, आणि ते गावभर सांगितल्याशिवाय राहतही नाहीत.

मी मठाची स्वयंपाकीण. म्हटलं, "हळू बोला, शास्त्रीबुवा. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशनचे लाईट चालू आहेत त्यांचे. डॉक्टरांनी बजावलंय, वजन आणखी उतरलं तर लाईट थांबवावे लागतील. मग काही हातात उरायचं नाही."

"म्हणून तर मी त्यांच्यासाठी निर्जळी धरलीय! आणि इथे... वरण, भात, वर तुपाची धार. ज्यांनी आम्हाला जीभ जिंकायला शिकवलं..."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणे यांच्या उपासानं महाराजांचं वजन वाढणार!

महाराज इतके वाळले होते की कफनी खुंटीला टांगल्यासारखी दिसायची. त्यांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. मग शास्त्रीबुवांकडे.

"चाख."

"महाराज... आजवर एकही एकादशी मोडली नाही माझी."

"चाख, त्र्यंबका. मीठ बरोबर आहे का बघ. मला कळत नाही."

गुरूचा शब्द! शास्त्रीबुवांचा चेहरा पार उतरला. मी घासभर वरणभात कालवून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी डोळे मिटून तोंडात घातला.

"कसा आहे?"

"...अमृत आहे, महाराज."

"असेल. मला राख लागते."

एवढं बोलून महाराजांनी चमचा उचलला. तोंड आतून सोललेलं, लाळ आटलेली. घास गालात फिरवला... फिरवला... घोटभर पाणी घेतलं, आणि गिळला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसलंही नाही. दुसरा घास घेतला.

मी रोज बघते हो, तरी रोज अंगावर काटा येतो. देव्हाऱ्यासमोर उभी राहून मला कधी असं झालेलं नाही.

शास्त्रीबुवा खाली बसले. महाराजांनी घासाघासानं वाटी रिकामी केली.

"पुरे करा आता, महाराज." शास्त्रीबुवा म्हणाले. "नाही हो बघवत..."

महाराजांनी रिकामी वाटी पुढे केली. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

शास्त्रीबुवा तसेच बसून राहिले. तळहातावर वरणाचा पिवळा डाग अजून ओला होता.

महाराज हसले. ओठ फुटलेले, तरी हसले.

"तुझी एकादशी मोडली, त्र्यंबका... माझी मोडू देऊ नकोस. वाढ."