परतीचे तेल

पूर्वी सागरकाठच्या शंखपट्टणात सुदर्प राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी धृतिषेण नावाचा अमात्य होऊन राहिला होता. नगराचा लाकडी यंत्रपक्षी उंच आकाशात पृथ्वीभोवती फिरे आणि वादळ किंवा शत्रूची गलबते दिसली की आधीच खबर देई. त्याच्या पोटात एक मोहोरबंद कुपी असे. तिच्यात परतीचे तेल. ते केवळ उतरण्यासाठीच वापरायचे, असा यंत्रकारांचा नेम होता. कारण तेल संपलेला पक्षी खाली येत नसे. तिथेच आंधळा फिरत राही, मागून येणाऱ्या पक्ष्यांना धडके, आणि फुटलेल्या तुकड्यांनी आकाशाची वाटच बुजे.

एकदा पक्ष्याचे तेल सरत आले. नवा अजून सुतारांकडेच होता. त्यातच स्वतःचा यंत्रपक्षी असलेल्या समोरच्या मणिद्वीपाने गलबते जमवली.

सेनापती कुंभक म्हणाला, "कुपी फोडा. आणखी महिनाभर पहारा होईल."

"आणि मग?" धृतिषेणाने विचारले.

"मगचं मग बघू! अमात्य, तुम्ही आमचे की आभाळाचे?"

"आपल्या कोळ्यांचा, सेनापती. वाट बुजली तर त्यांना वादळ कोण दाखवणार? आपला नवा पक्षीही त्याच वाटेनं जायचाय."

राजा म्हणाला, "पक्षी उतरला आणि शत्रू आला, तर तुझं मस्तक राहणार नाही."

"मान्य, महाराज. मात्र आधी मला मणिद्वीपाला जाऊ द्या."

धृतिषेण एकटाच होडीने गेला. आपला पक्षी उतरणार, हे त्याने सांगताच मणिद्वीपाचा राजा हसला. "तुम्ही आंधळे होणार, हे सांगायला शत्रूच्या दारी आलास? मोठाच शहाणा दिसतोस!"

"आमचा पक्षी खाली असेतो वादळाची खबर तुम्ही द्या. तुमचा उतरेल तेव्हा आम्ही देऊ. तोवर मी इथं ओलीस राहतो."

राजाचे हसू मावळले. त्याच्या पक्ष्याचे तेलही पुढच्या पौर्णिमेला संपणार होते, आणि शंखपट्टणाच्या धाकाने त्यानेही कुपी फोडायचे ठरवले होते. गलबतेही त्याच धाकाने जमवली होती. त्याने ती माघारी बोलावली.

शंखपट्टणाचा पक्षी पंख पसरून वाळूवर अलगद उतरला. मग वादळ उठले, तेव्हा मणिद्वीपाची खबर वेळेवर आली आणि एकूण एक होडी किनाऱ्याला लागली. पुढे नवा पक्षी मोकळ्या वाटेने वर गेला. त्या दिवशी धृतिषेणाला आणायला सुदर्प स्वतः होडीत बसून गेला.

विहिरीवर आधी पाणी कोणी काढायचे, यावरून भांडणाऱ्या दोन भिक्खूंना ही कथा सांगून तथागत म्हणाले, "ते दोन राजे म्हणजे तुम्हीच. कुंभक म्हणजे तुम्हाला चिथावणारा तुमचा हा सोबती. धृतिषेण मी होतो. मागून येणाऱ्यासाठी वाट मोकळी ठेवणे, हीच मैत्री-पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि ज्याच्या हाती विहिरीचा दोर होता त्याने तो दुसऱ्याच्या हाती दिला.