कड्यावरची घोंगडी

कड्यावरच्या पोळ्यांचा मध काढायला माणसं दोराला लटकून उतरत, त्या काळची गोष्ट. चिंधूच्या पडवीत खुंटीवर एक म्हातारा दोर असे, आणि शेजारी एक घोंगडी. दोर दिवसभर नव्या दोराला जुने दिवस सांगे. "चिंधूचा बाप माझ्या भरवशावर उतरायचा बरं! वारा सुटायचा, माश्या उठायच्या, पण माझा एक पदर कधी तुटला नाही." घोंगडी गप्प ऐकत राही.

एके सकाळी चिंधू नवा दोर घेऊन निघाला.

"अहो, घोंगडी राहिली!" बायको म्हणाली.

"नव्या दोराला कशाला घोंगडी?"

दुपारी तो लंगडत परतला. दोराचे दोन पदर कापले गेले होते. तिसऱ्यावर जीव वाचला होता.

"आजोबा," नवा दोर कण्हला, "कड्याची कड सुरीसारखी आहे हो. तुम्हाला कधी खरचटलंसुद्धा कसं नाही?"

म्हातारा उत्तर द्यायला सरसावला आणि थबकला. कडेवर आपल्या पोटाखाली दरवेळी काहीतरी मऊ असायचं, ते त्याला आठवलं. त्याने शेजारी पाहिलं. घोंगडीच्या मधोमध नुसती भोकं पडली होती.

"बाई, तू कधी बोलली नाहीस!"

"तुझ्या गोष्टी ऐकायला बरं वाटायचं रे," घोंगडी म्हणाली.