माती द्यायची तेवढी राहिली

एकदा एका वस्तादांनी गावाचं बोलणं शब्दशः खरं करून दाखवलं. गाव ज्या अर्थानं बोललं होतं, त्या अर्थानं मात्र नव्हे.

नदीकाठच्या गावात त्यांची तालीम होती आणि केरबा हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला पठ्ठा. अंगानं भक्कम, स्वभावानं गरीब. पुढे तो शहरात ट्रक चालवायला गेला. लांबच्या पल्ल्याला झोप आडवी येते म्हणून कुणा भल्या माणसानं (भला कसला, डोंबल!) काचेच्या चुऱ्यासारखी दिसणारी एक पुडी त्याच्या हातावर ठेवली. मेथ म्हणतात तिला. पहिल्यांदा काय झालं म्हणता? झोप नाही, भूक नाही, थकवा नाही, सगळं जग मुठीत आल्यासारखं वाटलं. केरबा खूश झाला आणि तिथंच फसला.

मग मांड्या वाळल्या. दात किडून तुटले. ट्रक सुटला आणि तो गावी आईकडे परतला. छाती बसल्या जागी धडधडू लागली. कातडीखाली किडे वळवळतात असं वाटून त्यानं दोन्ही हात नखांनी ओरबाडून काढले. भिंतीपलीकडे माणसं आपल्याविरुद्ध कुजबुजतात असं त्याला ऐकू येई. एके दिवशी तर आईनं जेवणात विष कालवलं म्हणून त्यानं भरलं ताट भिरकावून दिलं. ती माउली सांडलेलं अन्न गोळा करत मुकाट रडत राहिली.

पारावरचे आप्पा मान हलवत म्हणाले, "आता ह्याला माती द्यायची तेवढी राहिली."

वस्तादांनी ते ऐकलं. म्हणाले, "बरं. ती मी देतो."

त्यांनी केरबाला आधी दवाखान्यात नेलं. तिथल्या उपचारांनी भास ओसरले, झोप लागू लागली, तेव्हा त्याला तालमीत आणलं. डॉक्टरांकडच्या खेपा चालू ठेवल्या आणि एकच काम दिलं. कुस्तीचा लाल मातीचा हौदा रोज पहाटे उकरायचा, माती चाळायची, तिच्यात ताक, हळद, तेल मिसळून ती मऊ करायची.

विश्वजितला हे मुळीच रुचलं नाही. तो तालमीतला पहिल्या नंबरचा पठ्ठा, जत्रेच्या मैदानात तालमीचं नाव राखणारा. "ज्या मातीच्या आपण पाया पडतो, तिला ह्यानं हात लावायचा? स्वतःच्या आयुष्याची माती केली, तेवढी पुरे नाही का?" असं तो उघड बोलत असे. कुस्तीला उभं राहताना पैलवान सलामी देऊन एकमेकांच्या अंगावर मूठभर माती टाकतात, म्हणजे पकड निसटत नाही. विश्वजितनं केरबाच्या अंगावर कधी चिमूटभरसुद्धा टाकली नाही.

असे काही महिने गेले. केरबाच्या अंगावर थोडं मांस दिसू लागलं. आणि एके दुपारी तो नाहीसा झाला.

दिवस मावळताना तो तालमीच्या दारात उभा होता. डोळे ताठ, जबडा करकर वाजत असलेला. "वस्ताद, जुना सोबती भेटला. घेतली मी. सांगायला आलोय. हाकलायचं तर हाकला."

वस्तादांनी त्याला पाणी पाजलं, हाताला धरलं आणि तडक दवाखान्यात नेलं. सकाळी दोघं परत आले, तर विश्वजित वाट अडवून दारातच उभा.

"वस्ताद, पाठ टेकली की कुस्ती संपली, हे तुम्हीच शिकवलंत. हा हरला. आता एक तर हा राहील, नाही तर मी!"

जत्रा तोंडावर आलेली. सगळे पठ्ठे हातातलं काम टाकून दाराशी जमले. केरबानं मान खाली घातली आणि तो माघारी वळला. वस्तादांनी त्याचं मनगट सोडलं नाही.

"जा की," ते विश्वजितला शांतपणे म्हणाले. "पण जाताना एक कुस्ती खेळून जा. उतर हौद्यात."

विश्वजितनं उतरून शड्डू ठोकला. समोर कुणीच येईना.

"गडी कुठाय, वस्ताद?"

"आहे की समोर. खेळ. हरायचं नाही आणि मी म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

गुरूची आज्ञा! बिचारा रिकाम्या हवेला पकडू लागला. झेप घ्यायचा, आपटायचा, पुन्हा उठायचा. पोरं आधी खुसखुसली, मग हौद्याच्या कडेला सरकून बघू लागली. शेवटी तो धापा टाकत गुडघ्यांवर बसला. "धरू कशाला? पाडू कुणाला? आणि जिंकलो हे मला कळणार तरी कधी?"

"केरबा मला रोज हेच विचारतो," वस्ताद म्हणाले. "तुझा गडी तुला दिसतो. तुझ्यासाठी हलगी वाजते, लोक फेटे उडवतात. ह्याचा गडी ह्याच्याच डोक्यात बसलाय आणि ह्याचे सगळे डाव त्याला आधीच ठाऊक असतात. मेंदूत सुखाचा झरा असतो, बाळ. पुडीनं तो उपसून कोरडा केला. आता ह्याला आईच्या हातची भाकरी गोड लागत नाही, कशात जीव रमत नाही. डॉक्टर म्हणतात, झरा भरेल, पण महिने लागतील, कदाचित वर्षं. तोवर काहीच गोड लागत नसताना हा रोज उठतो आणि तुझी माती मऊ करतो. काल पडल्यावर ह्याला पळून जाता आलं असतं. हा पायानं चालत परत आला आणि तोंडानं खरं बोलला. माझ्या उभ्या हयातीत असा गडी मी पाहिला नाही. ह्या कुस्तीत पाठ टेकली म्हणून निकाल लागत नाही, विश्वजित. उठणं थांबलं तरच लागतो."

विश्वजितनं खाली पाहिलं. इतका वेळ तो आपटत होता, पण अंगाला एक खडा टोचला नव्हता. ही माती कोण चाळतं, हे त्याला ठाऊक होतं. ते आज पहिल्यांदा त्याच्या अंगाला कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"केरबा, ये खाली," तो म्हणाला. "आपली सलामी राहिलीय."

"माझे हात बघ कसे झालेत..."

"बघतोय. म्हणून तर ये म्हणतोय."

केरबा चाचरत उतरला. विश्वजितनं ओंजळभर माती उचलली आणि त्या वण पडलेल्या हातांवर खांद्यापासून मनगटापर्यंत चोळली. केरबा हुंदके देऊन रडू लागला, तरी त्यानं हात मागे घेतले नाहीत.

मघाचा गलका ऐकून आप्पा पारावरून उठून दारात आले होते. वस्ताद त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या म्हणण्याप्रमाणं दिली बरं का, आप्पा, माती."