घड्याळ वर चढेना

एका घरात एक भिंत होती. भिंतीवर एक घड्याळ होतं. लंबकाचं, मोठं घड्याळ.

घड्याळामागे कोण होतं?

ठिपकी होती!

ठिपकी म्हणजे इवलीशी पाल. पाठीवर सात ठिपके. शेपूट दोऱ्याएवढं.

पाली रात्री जाग्या असतात आणि दिवसा झोपतात. ठिपकीही दिवसा झोपायची. घड्याळाच्या मागे. पोट भिंतीला लावून.

टिक टिक, टिक टिक. घड्याळ बोलायचं.

टिक टिक, टिक टिक. भिंत हळूच थरथरायची. ठिपकीच्या पोटाला गुदगुल्या व्हायच्या. आणि ठिपकी झोपून जायची.

मग एक दिवस घराचं काम निघालं.

घर तीन खोल्यांचं. भिंतींना ओल, छपराला गळती. सगळे म्हणाले, "आता नवं करू या."

धाड धाड! गिलावा पडला. खर्र खर्र! रंग खरवडला. सगळीकडे धूळच धूळ. ठिपकी शिंकली. आऽक् छू!

आणि घड्याळ? घड्याळ उतरवलं. गोधडीत गुंडाळलं. पेटीत ठेवलं. पेटी सरकवली पलंगाखाली.

सगळे म्हणाले, "आठ दिवसांत होईल."

आठ दिवस झाले. झालं नाही.

पंधरा दिवस झाले. झालं नाही.

महिना झाला. भिंत तशीच. नुसत्या विटा, लाल लाल.

ठिपकी विटांवर झोपली. विटा टोचल्या.

ठिपकी छपरात झोपली. पत्रा तापला.

ठिपकी चपलांच्या कपाटामागे झोपली. शी! केवढा वास!

टिकटिक नाही. मग झोप नाही.

"मला माझी टिकटिक हवी," ठिपकी म्हणाली. आणि निघाली.

सर सर सर… थप्प! पलंगाखाली. पेटीत डोकावली.

"घड्याळा घड्याळा, टिकटिक कर ना!
टिकटिक होईना,
मला झोप येईना!"

घड्याळ गोधडीतून म्हणालं, "अगं, मला का करायची नाही? पण आडवं पडून टिकटिक होत नाही. लंबक हलत नाही. मला भिंतीवर चढव."

"कशी चढवू? मी एवढीशी!"

"मग खिळ्याला सांग. आधी खिळा, मग मी."

ठिपकी निघाली. सर सर सर… थप्प! खिळ्यांच्या डबीत. डबीत एक लांबडा खिळा होता.

"खिळ्या खिळ्या, भिंतीत जा ना!
घड्याळ वर चढेना,
टिकटिक होईना,
मला झोप येईना!"

खिळा म्हणाला, "मी नाही बाई! आधी आत गेलो आणि मागून रंग लावला, तर माझं डोकं रंगेल. आधी रंग, मग मी. रंगारीकाकांना सांग."

ठिपकी निघाली. सर सर सर… थप्प! अंगणात. रंगारीकाका बादली उपडी घालून बसले होते. चहा पीत होते.

"रंगारीकाका, रंगारीकाका, रंग लावा ना!
खिळा आत जाईना,
घड्याळ वर चढेना,
टिकटिक होईना,
मला झोप येईना!"

रंगारीकाका म्हणाले, "रंग कशाला लावू? विटांना? हा बघ माझा ब्रश. वाट बघून बघून पार खराटा झाला त्याचा! आधी गिलावा, मग मी. गवंडीमामांना सांग."

ठिपकी निघाली. सर सर सर… थप्प! वाळूच्या ढिगाजवळ. ढिगावर मांजर झोपलं होतं. मांजराशेजारी गवंडीमामा झोपले होते. घुर्र घुर्र!

ठिपकीने आधी मांजर बघितलं. मग लांबूनच हाक मारली.

"गवंडीमामा, गवंडीमामा, गिलावा करा ना!
रंगारी रंग लावेना,
खिळा आत जाईना,
घड्याळ वर चढेना,
टिकटिक होईना,
मला झोप येईना!"

गवंडीमामा डोळे चोळत म्हणाले, "मला झोपायची हौस आहे होय? भिंतीत वायरची नळी नको बसायला? मी गिलावा करायचा, मग वायरमनने फोडायचा, मग मी परत करायचा. छान! आधी नळी, मग मी. तो बघ सुभान वायरमन, शिडीवर बसलाय. त्याचा कान धर."

ठिपकी निघाली. सर सर सर… थप्प! शिडीवर. सुभानदादा मोबाईल बघत होता.

"वायरमनदादा, वायरमनदादा, नळी बसवा ना!
गवंडी गिलावा करेना,
रंगारी रंग लावेना,
खिळा आत जाईना,
घड्याळ वर चढेना,
टिकटिक होईना,
मला झोप येईना!"

सुभानदादा म्हणाला, "बसवतो की! एका तासाचं काम. पण नळी न्यायची कुठे? दिव्याचं बटण कुठे हवं? दाराजवळ? खिडकीजवळ? कुणी सांगतच नाही. आधी बटण, मग मी. जा, घरातल्या वहिनींना विचार."

ठिपकी निघाली. सर सर सर… थप्प! ओसरीवर. ओसरीवरच चूल, ओसरीवरच मिक्सर, ओसरीवरच डबे. वहिनी पोहे परतत होत्या.

"अगं बाई, पाल! शुक शुक!"

"वहिनी, वहिनी, बटण सांगा ना!
वायरमन नळी बसवेना,
गवंडी गिलावा करेना,
रंगारी रंग लावेना,
खिळा आत जाईना,
घड्याळ वर चढेना,
टिकटिक होईना,
मला झोप येईना!"

वहिनींनी झारा खाली ठेवला. "तुला टिकटिक हवी. मला माझं स्वयंपाकघर हवंय. पोह्यांत सिमेंट, चहात भुसा! पण मी कसं सांगू गं? घड्याळाची खोली आजोबांची, बटण आजोबांचं. किती दिवस झाले, रोज विचारते. रोज म्हणतात, उद्या सांगतो. आधी आजोबा, मग मी."

ठिपकी निघाली. सर सर सर… थप्प! आजोबांच्या खोलीत.

आजोबा विटांच्या भिंतीसमोर उभे होते. हातात खडू.

इथे फुली काढली. पुसली.

तिथे फुली काढली. पुसली.

सदरा पांढरा. हात पांढरे. नाकसुद्धा पांढरं!

"आजोबा, आजोबा, खूण करा ना!
वहिनी सांगेनात,
वायरमन नळी बसवेना,
गवंडी गिलावा करेना,
रंगारी रंग लावेना,
खिळा आत जाईना,
घड्याळ वर चढेना,
टिकटिक होईना,
मला झोप येईना!"

आजोबा पलंगावर बसले.

"माझ्यामुळेच सगळे थांबलेत," ते म्हणाले. "मला कळतं गं. पण आधी बटण दाराजवळ होतं. न बघता हात जायचा. मुलगा म्हणतो, पलंगाजवळ घ्या. मी म्हटलं, बरं. मग वाटलं, पलंग हलवला तर? म्हटलं, खिडकीजवळ घेऊ. मग वाटलं, पाऊस आत आला तर? आणि भिंत एकदा बंद झाली की झाली. परत कोण उघडणार?"

आजोबा उठले. एक फुली काढली. पुसली. परत बसले.

ठिपकीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला दुपारी झोप येते?"

"कुठली येते? टिकटिक कुठाय?"

दोघांनी वर बघितलं. घड्याळ होतं, तिथे. तिथे आता नुसत्या विटा होत्या.

आजोबा हळूच म्हणाले, "मला आपलं वाटतं… बटण होतं तिथेच बरं. दाराजवळ."

ठिपकी अजून वरच बघत होती. तिला टिकटिक आठवली. पोटाच्या गुदगुल्या आठवल्या. तिने तोंड उघडलं. नुसतं आलं,

चुक चुक चुक!

आजोबा ताडकन उठले. "पाल चुकचुकली!"

आता आजोबांच्या घरात काय म्हणतात, माहीत आहे? कुणी काही बोललं, आणि तेव्हाच पाल चुकचुकली, तर ते बोलणं खरं. अगदी खरं! मग बोटाने टकटक करायचं.

आजोबांनी टकटक केलं. टक टक टक.

"खरं! दाराजवळच!"

आजोबांनी दाराजवळ फुली काढली. मोठ्ठी फुली. मग पुसायला हात वर गेला…

हात थांबला.

हात खाली आला.

फुली राहिली!

"सूनबाई!" आजोबा ओरडले. "दाराजवळ!"

वहिनी ओरडल्या, "सुभानदादा! दाराजवळ!"

सुभानदादा शिडीवरून उतरला. टुणकन! ठक ठक ठक. नळी बसली.

"मामा, उठा! नळी बसली!"

गवंडीमामा उठले. मांजरही उठलं. वाळू, सिमेंट, पाणी. थप थप थप. सर्रर्र. गिलावा झाला.

"काका, गिलावा झाला!"

रंगारीकाकांनी भिंतीला हात लावला. "ओली आहे. थांबा."

मग सगळे थांबले. रोज भिंतीवर पाणी मारलं. मग भिंत वाळत ठेवली. किती दिवस? कुणी मोजले नाहीत. पुष्कळ. ठिपकी चपलांच्या कपाटामागे थांबली. वास येत होता. तरी थांबली.

भिंत वाळली.

रंगारीकाकांनी नवा ब्रश आणला. "आजोबा, रंग कोणता देऊ?"

"नको, नको!" सुभानदादा ओरडला.

"नको, नको!" गवंडीमामा ओरडले.

"आजोबांना विचारू नका!" वहिनी ओरडल्या. "पिवळा द्या! सायीसारखा पिवळा!"

सगळे हसले. आजोबा सगळ्यांत जास्त हसले.

सप सप, सप सप. रंग लागला. रंग वाळला.

ठोक ठोक ठोक. खिळा आत गेला. डोकं अगदी कोरं!

पेटी उघडली. गोधडी सोडली. घड्याळ वर चढलं.

आजोबांनी किल्ली दिली. कर्र, कर्र, कर्र. बोटाने लंबक हलवला.

टिक…

टिक…

टिक टिक, टिक टिक!

ठिपकी निघाली. सर सर सर… भिंतीवर. घड्याळाच्या मागे. थप्प!

तिने पोट भिंतीला लावलं.

भिंत गार होती. भिंत गुळगुळीत होती. भिंतीला नवा नवा वास होता. ही भिंत तिची नव्हती.

ठिपकी जरा डावीकडे सरकली. जरा उजवीकडे सरकली. मग थांबली.

टिक टिक, टिक टिक.

भिंत हळूच थरथरली. पोटाला गुदगुली झाली.

पालींना डोळे मिटता येत नाहीत, ठाऊक आहे? त्या उघड्या डोळ्यांनीच झोपतात.

खाली पलंगावर आजोबा आडवे झाले. चष्मा काढायचाच राहिला.

वहिनी दारातून डोकावल्या. पलंगाकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. घड्याळाखाली दोऱ्याएवढं शेपूट दिसत होतं. त्या 'शुक शुक' म्हणाल्या नाहीत. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

टिक टिक, टिक टिक.

गोष्ट भिंतीला टेकली. आता आपण उशीला टेकू.